क्लॅट पुन्हा द्यावी का?

कर्नाटकच्या सीमाभागातल्या रामनगरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांना क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेत कायद्यापेक्षा लांबलचक इंग्रजी उतारेच जास्त अडवतात. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. वाचनाचा वेग सरावाने वाढतो. तिथेच गुण गेले असतील तर परीक्षा जरूर पुन्हा द्या. पदवी प्रवेशाच्या क्लॅटला वयोमर्यादा नाही. शिवाय कर्नाटकात दहा वर्षं शिकलेल्यांसाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २५ टक्के जागा राखीव आहेत. सीमाभागातल्या मुलांनी हा हक्क सोडू नये! घरच्यांना आणखी एक वर्ष थांबणं परवडत नसेल, तर बेळगावचं राजा लखमगौडा विधी महाविद्यालय जवळ आहे. तिथे क्लॅट लागत नाही. महाराष्ट्राची विधी सीईटी तर मराठीतूनही देता येते आणि चुकीला गुण कापत नाहीत.