दुसऱ्या खुर्चीतला माणूस

फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये अनेक विमानं कशी उडतील हे जेएसबीसिम नावाची गणितयंत्रणा ठरवते. तिच्या फाइलमध्ये माणूस बसवायला मोजक्याच ओळी लागतात. एक नाव, एक वजन आणि ठरलेल्या बिंदूपासून तो किती मागे, किती बाजूला, किती वर बसलाय याचे तीन आकडे. त्याला तिथे बिंदुभार म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बपेरा या गावी, घरी, कापणीच्या दिवसांत, मी असे दोन बिंदुभार लिहिले. पहिला वैमानिक. दुसरा लिहिताना मात्र हात थांबला, कारण त्या दुसऱ्या माणसासाठीच तर हे सगळं विमान बदललं होतं.

विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचं व्हॅम्पायर एनएफ ५४. मूळ व्हॅम्पायर एका माणसाचं. पोटात एकच जेट इंजिन, मागे दोन दांडे, त्यांवर शेपूट, आणि कॉकपिटसकट पुढचा भाग चक्क लाकडाचा. प्लायवूडच्या दोन थरांत हलकं बाल्सा लाकूड दाबून तो बनवत. ही पद्धत याच कंपनीच्या मॉस्किटो विमानाची. रात्री शत्रूचं विमान शोधायचं तर रडार हवं, आणि तेव्हाचं रडार एकट्या वैमानिकाच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून कंपनीने मॉस्किटोच्या रात्रीच्या विमानासारखं दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि नाकात रडार घातलं. २८ ऑगस्ट १९४९ ला हे विमान पहिल्यांदा उडालं. पहिली मागणी इजिप्तची होती, पण ब्रिटनने शस्त्रनिर्यातीवर बंदी घातली आणि ती विमानं ब्रिटिश हवाई दलाने घेतली. त्यांचं नाव एनएफ १०. त्यांतलीच वापरलेली काही दुरुस्त होऊन १९५० च्या दशकात भारतात आली. ती एनएफ ५४, आणि आपल्या हवाई दलाच्या १० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती उडवली.

सिम्युलेटरसाठी मॉडेल बनवणारे पुष्कळजण मानतात की एक विमान नीट झालं की त्याचे प्रकार म्हणजे नाक बदलायचं काम. फ्लाइटगिअरची रचनाही तसा मोह घालते. प्रत्येक प्रकाराला एक छोटी सेट-फाइल, आणि त्रिमितीय आकृतीतले कोणते भाग दाखवायचे, कोणते लपवायचे एवढं तिच्यात लिहिलं की झालं, असं वाटतं. पंख तेच, दांडे तेच. दोन्ही विमानांच्या पंखांचा पसारा ११.५८ मीटर, त्यामुळे मोह आणखी वाढतो. पण लांबी पाहा. एकट्याचं एफबी ५ हे ९.३७ मीटर, रात्रीचं एनएफ १० हे साडेदहा मीटरच्या थोडं वर. मीटरभराहून जास्त लांबी सगळी पुढे वाढली. कॉकपिट रुंद झालं, हवा वेगळी वाहू लागली, वजन पुढे सरकलं. ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आधी नुसतं नाक ओढून लांब केलं होतं. ते दिसायला देखणं होतं आणि साफ खोटं होतं. शेवटी पुढचा सगळा भाग पुसून नव्याने उभा केला.

छताचा घोळ वेगळाच. एनएफ १० च्या मूळ छताला जाड पट्ट्या होत्या. याच रुंद कॉकपिटवरून पुढे टी ११ हे प्रशिक्षणाचं विमान निघालं. सुरुवातीच्या टी ११ ला तेच पट्ट्यांचं छत, नंतरच्यांना स्वच्छ काच आणि इजेक्शन सीट. रात्रीच्या विमानात इजेक्शन सीट नव्हतीच. पुढे रडार काढून दिशादर्शकांच्या शिक्षणासाठी वापरलेल्या एनएफ १० लाही स्वच्छ काच बसली. म्हणून एखाद्या जुन्या फोटोत दोन माणसं शेजारी दिसली की ते एनएफ ५४ च, असं समजू नये. पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक एनएफ ५४ जपून ठेवलेलं आहे. छताला हात लावण्याआधी त्याचे फोटो सगळ्या बाजूंनी पाहावेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या खुर्चीबद्दल. भारताच्या आकाशात रात्रीचं विमान कामाला आलं ते जानेवारी १९४३ मध्ये. जपानी बॉम्बर रात्री कलकत्त्यावर येत, म्हणून डमडमला ब्रिटिश हवाई दलाचं १७६ क्रमांकाचं स्क्वाड्रन उभं राहिलं. त्यांच्याकडे रडारवाली ब्यूफायटर विमानं होती. १५ जानेवारीच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग याने काही मिनिटांत तीन बॉम्बर पाडले. पुस्तकांत प्रिंग भेटतो. त्याला अंधारात त्या तिघांच्या मागे नेऊन सोडणारा रडारवाला त्याच विमानात मागे बसून दोन छोट्या नळ्यांवरचे प्रकाशाचे ठिपके वाचत होता. तो बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपतो.

त्या रडारची अडचण सिम्युलेटरमध्ये आणणं हे खरं काम. ब्यूफायटरमधल्या मार्क ४ रडारच्या लहरी दीड मीटर लांबीच्या, आणि झोत चहूकडे पसरणारा. जमिनीवरून परतणारा झगझगाट पडदा भरून टाकी. त्यामुळे विमान जितकं उंच, साधारण तेवढंच दूरचं दिसे. तीन किलोमीटर उंचीवर तीन किलोमीटर, त्यापुढे काही नाही. व्हॅम्पायरच्या मार्क १० रडारच्या लहरी दहा सेंटिमीटरच्या. त्याची तबकडी नाकात गरगर फिरून अरुंद झोताने आकाश विंचरी, म्हणून नजर बरीच लांब जाई. पण जमिनीलगत उडणारं विमान पुन्हा त्या झगझगाटातच हरवे.

याची परीक्षा घ्यायला मी गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईतली एक रात्र निवडली. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली. तरीही त्या रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं तिथून उडाली आणि समुद्रालगत खाली खाली राहून कराचीला पोहोचली. त्यांच्यामागे कुठलंही एनएफ ५४ गेलं नव्हतं, माझं मिशन पूर्ण कल्पनेतलं. पण रडारचा नियम खरा ठेवला आणि माझं व्हॅम्पायर उंचावर ठेवलं, तर खालची विमानं पडद्यावर उमटेनात. व्हॅम्पायर खाली आणून समुद्राला समांतर उडवलं तेव्हा ठिपका आला, आणि पाच-सहा सेकंदांत गेला. तेवढ्यात कोणीतरी ‘डावीकडे, हळू, अजून हळू’ म्हणायला हवं होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

ही उणीव मोठ्या कंपन्यांनाही जाणवली. डीसीएस सिम्युलेटरमध्ये २०१९ साली आलेल्या एफ-१४ च्या मागच्या खुर्चीत संगणकाचा माणूस आहे, जेस्टर नावाचा. तो रडार हाताळतो आणि बोलतोही. त्याच सिम्युलेटरमध्ये २०२१ ला मॉस्किटो आलं, पण ते लढाऊ-बॉम्बर. रात्रीचा प्रकार नाही. मार्क १० चा रडारवाला मला मराठीत बोलणारा हवा आहे. त्याची वाक्यं मी लिहितोय. वाक्यं तुटक लागतात, कारण वैमानिक तेवढ्या वेळात लांब वाक्य ऐकू शकत नाही.

आणि अंधार. सिम्युलेटरमधली रात्र बहुतेक वेळा सारखी निळसर असते, तशी रात्र वैनगंगेच्या खोऱ्यात मी कधी पाहिलेली नाही. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, तेव्हा ज्या गावी मंडई त्या गावावर पिवळा गोळा दिसतो. तिथे पहाटेपर्यंत दंडार हे लोकनाट्य चालतं, आणि बाजूच्या भाताच्या बांध्या ठार काळ्या. १९५० च्या दशकात तो गोळाही विजेचा नव्हता. म्हणून माझ्या नकाशात खेड्यांतले दिवे काढून टाकले आणि नागपूर तेवढं ठेवलं. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून मध्यरात्री नागपूरला भेटत, पोती बदलून परतत. तिथला उजेड खरा होता.

गोंदियाजवळचं बिरसी हे ब्रिटिशांनी १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात बांधलेलं विमानतळ. आता तिथे वैमानिक शिकतात. परवा रात्री अंगणातला दिवा बंद करून त्यांच्या एखाद्या विमानाची वाट पाहिली. आधी आवाज आला, पूर्वेकडून. दिवा दिसायला किती वेळ लागतो ते मोजलं, आठ सेकंद. मग आत जाऊन फाइल उघडली आणि दुसऱ्या बिंदुभाराला, जो आजवर नुसता ‘क्रू २’ होता, नाव दिलं: ‘रडारवाला’.