मेल भलत्याच खात्यावरून जातो तेव्हा

ऑफिसचा मेल घरगुती पत्त्यावरून गेला, की थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये आधी ‘फ्रॉम’ची ओळ बघावी. नवा मेल लिहायला घेताना डावीकडे ज्या खात्याचं फोल्डर उघडं असेल, त्याचाच पत्ता तिथे येतो.

ओळ बरोबर असूनही समोरच्याला दुसराच पत्ता दिसतो? इथे खरी गोम आहे. मेल बाहेर नेणारा एसएमटीपी सर्व्हर ‘फ्रॉम’च्या ओळीपासून वेगळा नेमलेला असतो. कधी दोन खात्यांना एकच सर्व्हर लागलेला असतो. जीमेलचा सर्व्हर तर ओळख न पटलेला ‘फ्रॉम’ काढून लॉगिन केलेल्या खात्याचा पत्ता घालतो. (तोतयेगिरीला आळा बसतो, म्हणून तक्रार तरी कशी करणार?) थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावावर क्लिक करा, खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ दिसेल. तिथे त्याच खात्याचा सर्व्हर निवडा.