भजनात खंजरी कशी शिकावी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खंजरी पाहिली नाही असा मुलगा सापडायचा नाही. पण ती वाजवायला कसे शिकतात, हे पुष्कळांना माहीत नसते. मी यंदा आमच्या गावच्या भजनी मंडळात बसू लागलो. तिथे जे शिकलो ते सांगतो.

खंजरी म्हणजे लाकडाचे गोल कडे. एका बाजूने कातडे मढवलेले असते, दुसरी बाजू उघडी असते. कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवतात. डाव्या हातात कडे धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी थाप द्यायची. कडे हलले की चकत्या छनछन वाजतात. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. विस्तवाजवळ जरा शेकले की कातडे ताणते, मग आवाज पुन्हा खणखणीत येतो.

आपल्याकडे खंजरी म्हटली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. त्यांचा जन्म १९०९ साली शेजारच्या अमरावती जिल्ह्यात यावली येथे झाला. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजरीवर भजने म्हणत ते गावोगाव फिरले. गाव स्वच्छ ठेवा, व्यसन सोडा, एकीने राहा, असे त्यांनी भजनांतून सांगितले. १९६८ साली त्यांचे निर्वाण झाले.

आता शिकायचे कसे? मंडळात पहिल्याच दिवशी खंजरी हाती देत नाहीत. आधी मागे बसून टाळ धरायचा. केरवा ताल आठ मात्रांचा असतो : धा गे न ति, न क धि न. तो तोंडाने म्हणायचा, मांडीवर मोजायचा. पुढचा गडी ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. त्यात आपला टाळ बरोबर पडला पाहिजे.

मी मात्र घाई केली. एका गुरुवारी हट्टाने खंजरी मागून घेतली. मधेच चुकलो आणि घाबरून हातच थांबवला. तबला पुढे गेला, मी मागे राहिलो. पोरं खूप हसली. पुढचे दोन गुरुवार मी गेलोच नाही.

मग शेजारचे आबाजी घरी आले. म्हणाले, "अबे, चुकलं तं चुकू दे. आमी हावो ना वाजवाले! तू उगा राह्य, ऐक, अन् धा आला का पुन्हा घूस."

तसे केले आणि जमले! आता एक भजन मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतो. मोबाइलवर खंजरी ऐकता येते, पण मोबाइल आपल्याला सांभाळून घेत नाही. मंडळ सांभाळून घेते.

आमच्या मंडळात खंजरी वाजवणारे मोठे दोघेच आहेत. दोघेही साठीच्या पुढचे. तिसरी खंजरी खुंटीला टांगलेली असते. आईबाबांना विनंती, की गुरुवारी मुलामुलींना पाठवा. अभ्यास आम्ही आधी करून येऊ. टाळ आणायचा नाही, मंडळात आहेत. फक्त चुकायला लाजू नका!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी