क्लासच्या फीसाठी कर्ज काढण्याआधी

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक मागणी ठरलेलीच असते: लेकीच्या क्लासच्या फीसाठी अंतर्गत कर्ज. कोणी लातूरला पाठवायचं म्हणतं, कोणी संभाजीनगरला. राहणं-खाणं धरलं तर हे कर्ज शेळ्यांच्या कर्जापेक्षा मोठं होतं, आणि शेळी निदान दावणीला दिसते तरी! म्हणून ताईंनो, या वेळी सीईटीबद्दल लिहिते. मार्क कशाने वाढतात हे कळलं, तर पैसा कुठे घालायचा ते आपल्याला ठरवता येईल.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा प्रवेशांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. परीक्षा कॉम्प्युटरवर, एकूण २०० गुण. भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. जीवशास्त्र घेतलं तर १०० प्रश्न. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तरी अकरावी म्हणजे सुट्टीचं वर्ष असं पोरं समजतात. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत येतो, हे मराठी शाळेतून आलेल्या मुलींना आधीच सांगा.

चुकलेल्या उत्तराला सीईटीत गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मेडिकलच्या नीटमध्ये मात्र बरोबरला ४ आणि चुकलं की १ वजा, तिथे अंदाजाने खुणा करणं महागात पडतं. जालन्यात २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, १०० जागांचं. त्यामुळे नीटची चौकशी आता आपल्याकडे वाढली आहे.

निकालात ‘परसेंटाइल’ लिहून येतं. ते शेकडा मार्क नव्हेत. ८५ परसेंटाइल म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत साधारण पंधरा जण तिच्या पुढे आहेत. परीक्षा अनेक पाळ्यांत, वेगवेगळ्या पेपरांवर होते, म्हणून अशी रांग लावतात. ‘८५ पडले, मग नंबर का नाही लागला?’ असं बऱ्याच जणी विचारतात, त्याचं उत्तर हेच. रांगेत पुढे कितीजण आहेत आणि त्या कॉलेजात जागा किती, यावर नंबर ठरतो.

आता अभ्यासाचं. वही पुन्हा पुन्हा वाचली की सगळं येतं असं वाटतं, पण भाकरी थापणं नुसतं बघून येत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींनी धडा परत परत वाचला, काहींनी तो वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहिणारे पुढे गेले.

आपल्या मराठवाड्यातला ‘लातूर पॅटर्न’ सगळ्यांना माहीत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात तो आकाराला आला. त्याचा गाभा म्हणजे चाचणी, पुन्हा चाचणी, आणि झालेल्या चुकांवर मेहनत. माझ्या मते ही गोष्ट जुना जालन्यातल्या खोलीत बसूनही करता येते. जुने पेपर घ्यायचे, घड्याळ लावून सोडवायचे, मग प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: धडा आला नव्हता, गणित करताना चुकलं, की वेळ संपली? ही चुकांची वही. सीईटी आपल्या बोर्डाच्याच अभ्यासक्रमावर असते आणि बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात.

‘आम्ही शिकलेल्या नाही, आम्ही काय करणार?’ असं म्हणू नका. घड्याळ तुम्ही धरा. नव्वद मिनिटं मोबाइल तुमच्या कमरेला, आणि पाणी आणायला दुसरं कोणीतरी. रविवारी चुकांची वही मागा. वाचता आली नाही तरी पानं भरतात का ते दिसतंच.

क्लास नकोच असं मी म्हणत नाही. आधी तीन-चार पेपर सोडवून घ्या, कुठला विषय मागे ओढतो ते कळेल. एकाच विषयाची शिकवणी लावली तर कर्ज निम्म्याहून कमी लागेल. शिकवणाऱ्या सरांना एवढंच विचारा: एका बॅचला मुलं किती, आणि तपासलेला पेपर मुलीसोबत बसून समजावता का? भिंतीवरचे टॉपरचे फोटो नंतर बघा. गटातल्या चार जणींच्या मुली असतील तर इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या गावातल्याच एखाद्या ताईला मानधन देऊन आठवड्यातून दोनदा शंका सोडवायला बोलवा.

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती संस्था सीईटी-नीटचं मोफत ऑनलाइन शिक्षण देते. त्याचा अर्ज दहावीनंतर लगेच भरायचा असतो. आणि फीचं एक सांगते: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. राखीव जागेसाठी जात वैधता लागते, ती निघायला महिने जातात, म्हणून तिचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच टाका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर याच सोबत काढा. ज्यांची मुलगी यंदा अकरावीला जातेय त्यांनी दहावीची मार्कशीट आणि जातीचा दाखला घेऊन पुढच्या बैठकीला यावं, अर्ज तिथेच बसून भरू.