पाकिटातला पगार

गेल्या पाडव्याला आमच्याकडे फराळाला आलेल्या मावशींनी मला सहज विचारले, "सर, मी या देशात पंधरा वर्षे राबले. मग मला पेन्शन का नाही?"

आमच्या मुलीची दोन्ही मुले याच मावशींनी सांभाळली. दर शुक्रवारी त्यांना पाकिटातून रोख पगार मिळे. ते त्यांनाही सोयीचे होते आणि आम्हालाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, 'छाया अर्थव्यवस्था' या विषयावर व्याख्याने दिली. पण घरातल्या त्या पाकिटाकडे काणाडोळा केला.

छाया अर्थव्यवस्था म्हणजे चोरी किंवा तस्करी नव्हे. काम कायदेशीरच असते. कर, विम्याची वर्गणी किंवा नियम टाळण्यासाठी ते सरकारी नोंदीबाहेर ठेवले जाते.

जे लपवलेले आहे ते मोजायचे कसे? मागे राहिलेल्या खुणांवरून. १९७७ साली पीटर गटमन यांनी अमेरिकेतल्या बँक ठेवींच्या तुलनेत लोकांच्या हातातली रोकड किती वाढली ते पाहिले आणि छुपे व्यवहार राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के असावेत असा अंदाज मांडला. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर कागदावरचे उत्पादन कोसळले, पण विजेचा खप तितका घटला नाही. त्यावरून कॉफमन आणि कालिबेर्डा यांनी १९९६ मध्ये नोंदीबाहेरच्या कामाचा माग काढला. २०१८ मध्ये मेदिना आणि श्नायडर यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी १५८ देशांचा अभ्यास केला. त्यात १९९१ ते २०१५ या काळातली सरासरी सुमारे ३२ टक्के निघाली. स्वित्झर्लंड ७, अमेरिका ८, तर बोलिव्हिया ६२ टक्के! या आकड्यांवर वाद आहेत, पण देशादेशांतली दरी खरी आहे.

कारण काय? आपल्याला पटकन सुचते ते म्हणजे जबर कर. भारतात १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. असे चढे दर हे काळ्या पैशाचे मोठे कारण असल्याचे वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितले होते. पुढे दर ३० टक्क्यांवर आले, तरी घर घेताना 'व्हाइट किती, ब्लॅक किती' हा प्रश्न काही संपला नाही. २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या.

२००० साली फ्रीडमन, जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ६९ देश तपासले. निष्कर्ष अनपेक्षित होता. चढ्या करदरांपेक्षा लाचखोरी, किचकट नियम आणि दुबळी न्यायव्यवस्था यांमुळे लोक सावलीत जातात. दिलेला कर शाळा-दवाखान्यांच्या रूपाने परत मिळतो असा भरवसा असेल, तर माणूस उजेडात राहतो.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. इथल्या सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांचे नोंदलेले काम. मावशींच्या खात्यात त्यातले फारच थोडे आहेत. घरकामाचा पगार कायद्याने ठरवलेल्या वार्षिक मर्यादेपुढे गेला, की मालक आणि कामगार दोघांनीही प्रत्येकी ७.६५ टक्के भरायचे असतात. आम्ही शंभर डॉलरमागे ७.६५ डॉलर वाचवले. मावशींचे म्हातारपण गेले. जुन्या नोंदी दुरुस्त करायला मुदत असते, आणि आमची बहुतेक वर्षे त्या मुदतीबाहेर गेली आहेत.

मी त्यांना हे सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "तेव्हाच सांगायचं होतंत ना, सर." माझ्याकडे उत्तर नव्हते.

मंडळी, आज तुमच्या घरी कुणी मुले सांभाळत असेल, स्वयंपाक करत असेल, तर यंदा कर भरताना आपल्या हिशेबनिसाला 'शेड्यूल एच' या फॉर्मबद्दल जरूर विचारा. आणि त्या बाईंना त्यांचे सोशल सिक्युरिटीचे खाते उघडून दाखवा. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. त्या वहीत त्यांचेही नाव असू द्या.