स्वल्पविरामाची तीस वर्षे

नेटस्केपच्या नॅव्हिगेटर ब्राउझरची तिसरी आवृत्ती ऑगस्ट 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यासोबत आलेल्या जावास्क्रिप्टच्या सेवेत ‘जॉइन’ नावाचे एक अल्पाक्षरी फंक्शन प्रथमच रुजू झाले. ॲरेमधील सुटे घटक क्रमाने घ्यावेत, दोहोंच्या मध्ये सांगितलेले चिन्ह घालावे, काहीच सांगितले नसेल तर स्वल्पविराम घालावा आणि सर्वांची मिळून एक अखंड स्ट्रिंग हाती द्यावी, एवढीच काय ती त्याची कामगिरी. या चाकरीला आता तीस वर्षे होत आहेत. त्यानिमित्त कोणी सत्कारसमारंभ योजील अशी अपेक्षा मुळीच नव्हती; परंतु गेल्या हंगामात जालन्याच्या मोंढ्यातील एका परिचित अडत्याने आपल्या नव्या प्रणालीतून निघालेली पावती पुढे केली आणि तीवर शेतकऱ्याच्या गावानंतर, जेथे तालुका असावयास हवा तेथे, रोमन लिपीत ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द विराजमान झालेला दिसला, तेव्हा हा मागोवा लिहिणे प्राप्त झाले.

आरंभीच्या चार-पाच वर्षांविषयी सांगण्याजोगे फार थोडे आहे. 1997 च्या जूनमध्ये एक्मा संस्थेने या भाषेचे प्रमाणपत्रक मंजूर केले, त्यात जॉइनचेही नाव चढले. ज्यांनी आधी पर्ल हाताळली होती त्यांना ते जुन्याच ओळखीचे वाटले. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून तेव्हा घड्याळ दाखविण्यापलीकडे आणि फॉर्ममधील रिकाम्या रकान्यांबद्दल दरडावण्यापलीकडे कोणी काही मागत नसे.

खरा अंमल सुरू झाला तो 2001 साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आल्यानंतर, आणि पुढचे जवळजवळ एक दशक जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वेबचे काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याच अमलाखाली काढले. त्या ब्राउझरात अधिक चिन्हाने स्ट्रिंग वाढवीत नेणे म्हणजे, नव्या खातेदाराचे एक नाव चढवायचे म्हणून आधीची सगळी नोंदवही दर वेळी कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवून काढणाऱ्या कारकुनाची रीत होती: एक हजार ओळींचा तक्ता अशा रीतीने रचावयाचा तर नकलून काढाव्या लागणाऱ्या ओळींची बेरीज 5,00,500 भरते. उलट प्रत्येक ओळ ‘पुश’ने ॲरेत टाकावी आणि सरतेशेवटी रिकाम्या विभाजकाने एकदाच जॉइन करावे, म्हणजे ओळी हजार आणि नकलाही हजारच.

मोंढ्यासाठी मी जी पाने रचली, त्यांत हे सूत्र रोज पाळावे लागे. मोसंबी, तूर, कपाशी; आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने; आणि तयार तक्त्याच्या आतल्या भागात इनरएचटीएमएलने नव्या ओळी घालण्याची त्या ब्राउझरात मुभाच नसल्यामुळे, टेबलाच्या आरंभीच्या टॅगपासून अखेरच्या टॅगपर्यंत सगळा ऐवज सांधून एकदम ओतावा लागे. भारनियमनाच्या त्या काळात यूपीएस कुरकुरू लागला की पान वेळेत उमटेल की नाही हा प्रश्न सुंदर संहितेचा न राहता शुद्ध उपयुक्ततेचा होई, आणि म्हणूनच प्रत्येक सांध्यावर काय घालावे व काय गाळावे याचा विचार लिहिण्याआधी करण्याची शिस्त आमच्या पिढीच्या अंगवळणी पडली.

त्यातही मराठीचे दुखणे वेगळे होते. युनिकोडचा मंगल फाँट विंडोज 2000 पासून उपलब्ध असला, तरी मोंढ्यातील यंत्रांवर तो नीट उमटेल याची शाश्वती नसे, आणि गिऱ्हाइकांचा सगळा मजकूर कृतिदेवात साठविलेला असे. कृतिदेव फाँटात स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ हे अक्षर बसविलेले आहे. परिणामी विभाजक न देता जॉइन केले की पडद्यावर ‘मोसंबीएतूरएकपाशी’ असे काही भलतेच उमटे! त्या फाँटात स्वल्पविराम हवा असेल तर उजवा चौकोनी कंस लिहावा लागतो. तेव्हा आमच्या जुन्या फायलींत जॉइनला अवतरणचिन्हांत एकटा चौकोनी कंस दिलेला आढळेल, आणि एखाद्या नवागत उमेदवाराने तो टंकदोष समजून ‘दुरुस्त’ केला की दुसऱ्या दिवशी अडत्याचा फोन ठरलेला. पुढे युनिकोड आले आणि फाँटाची ही कटकट मिटली. मात्र ‘जालना’ हा शब्द स्प्लिटने अक्षरशः फोडून मध्ये आडव्या रेघा घालीत जोडू गेल्यास त्याचे तीन नव्हे, पाच तुकडे होतात आणि दोन काने निराधार लोंबकळतात, ही कटकट तेवढी नव्याने दाखल झाली.

2008 च्या सप्टेंबरात क्रोम आला, 2009 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीने अधिक चिन्हाची जोडणी सुधारली, आणि आमचे सूत्र एका रात्रीत उपहासाचा विषय झाले. येथे एक जुना हिशेब मांडावयाचा आहे. पुण्याहून कार्यशाळा घ्यावयास येणारी जी मंडळी 2006 साली ‘अधिक चिन्ह म्हणजे महापाप’ असे बजावून जात, तीच मंडळी चार वर्षांनी जॉइन पाहून नाक मुरडू लागली, आणि दोन्ही खेपेस त्यांना कारण विचारले असता उत्तर एकच मिळे: सगळे तसेच करतात. ब्राउझराच्या एका वैगुण्यापोटी निर्माण झालेली युक्ती त्या वैगुण्याबरोबर जावी, याला माझी हरकत नाही. तिच्यासोबत विचारणेही गेले, याला आहे.

2015 च्या जूनमध्ये टेम्प्लेट लिटरलला प्रमाण भाषेत स्थान मिळाले. मोंढ्यातल्या त्या पावतीचे मर्म येथे आहे. पत्त्याचे घटक ॲरेत घालून जॉइन केले आणि तालुका मिळाला नाही, तर जॉइन त्या जागी काहीही लिहीत नाही. फक्त दोन स्वल्पविराम लागोपाठ उभे राहतात. टेम्प्लेटमध्ये तोच रिकामा घटक ‘अनडिफाइन्ड’ असे नाव धारण करून छापून येतो. रिकामे घटक फिल्टरने आधी गाळावेत आणि मग स्वल्पविरामाने सांधावे, म्हणजे दोन्ही दोष टळतात. एका ओळीचे काम आहे. पावतीची प्रणाली रचणाऱ्या तरुणाला हे सुचविले, तेव्हा ती ओळ आपण लिहिलेलीच नाही, यंत्राने लिहून दिली आहे, असे त्याने निःसंकोचपणे सांगितले. वाचली होती का, या प्रश्नाला उत्तर आले नाही.

खरे पाहता मराठीला जे हवे होते ते 2021 च्या प्रमाणपत्रकात आलेच आहे. लिस्टफॉरमॅटला मराठीचा ‘एमआर’ संकेत दिला की तो ‘अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा’ अशी सुसंस्कृत यादी करून देतो, शेवटच्या नावाआधी आपण होऊन ‘आणि’ घालतो, आणि त्यासाठी एक पैही पडत नाही. जिल्ह्यात हिंडताना मराठी म्हणविणारी जी संकेतस्थळे नजरेस येतात, त्यांत मात्र त्या जागी अद्याप इंग्रजी ‘अँड’ची खूण, तो वेटोळे घातलेला अँपरसँड, ऐटीत बसलेला असतो.