मायदेशातले परके

कागदपत्रे नसलेल्या परकीयांनी १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडावा, असे पाकिस्तानने फर्मावले आणि तोरखमच्या नाक्यावर अफगाण कुटुंबांची रीघ लागली. त्यांतील कित्येक मुलांचा जन्मच पाकिस्तानातला. मायदेश त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तंबू, धान्य व थोडी रोकड दिली की त्यांचे पुनर्वसन झाले, असे मानणे ही आत्मवंचना होय. उर्दूत धुळाक्षरे गिरविलेल्या मुलाला पश्तू वा दरी माध्यमाचा वर्ग परकाच वाटणार. मुलींचे दुर्दैव तर त्याहून दारुण. तालिबानी राजवटीने २०२१ पासून सहावीपुढील शाळा त्यांना बंद केल्या आहेत. सातवीत शिकणाऱ्या मुलीचे शालेय शिक्षण सीमा ओलांडताच संपते. मदत देणाऱ्या राष्ट्रांनी धान्याच्या पोत्यांइतकाच शाळेच्या पटाचाही हिशेब मागितला पाहिजे.